धुऱ्यावरील झाड आणि गावचा सल्लागार

नागझिरा आणि नवेगाव या दोन वनक्षेत्रांच्या दरम्यान, मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर कोहमारा हे गाव वसले आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील हा परिसर धानाचा. बांध्यांत धान, धुऱ्यांवर तूर आणि मधूनमधून मोह, पळस, ऐन हे येथील शेतीचे परिचित रूप होय. झाड आणि पीक यांचा सहवास येथील शेतकऱ्यास नवा नाही. तथापि, नवी झाडे लावण्याची गोष्ट निघाली की तोच शेतकरी थबकतो. सावलीने धान घटेल काय? उन्हाळ्यात मोकाट गुरांपासून रोप कसे वाचेल? आणि मोठे झालेले झाड तोडता येईल काय? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे देऊ शकणारा सल्लागार घडविणे, हे कृषिवनिकीच्या प्रसारातील सर्वांत अगत्याचे काम आहे.

रोपवाटपापुढील पाऊल

महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. पुढे २०१४ मध्ये भारताने राष्ट्रीय कृषिवनिकी धोरण स्वीकारले. असे धोरण स्वीकारणारा तो जगातील पहिला देश ठरला. परंतु रोप देणे निराळे आणि ते शेताच्या व्यवहारात बसविणे निराळे. कृषी कर्मचाऱ्यास पिकाचे ज्ञान असते, वन कर्मचाऱ्यास झाडाचे. कृषिवनिकीच्या सल्लागारास दोहोंची सांगड घालावी लागते. त्याचे प्रशिक्षण म्हणूनच वर्गात सुरू झाले तरी धुऱ्यावर पूर्ण व्हावयास हवे.

प्रशिक्षणात काय असावे?

पहिला विषय सावलीचा. खरिपात सूर्य जवळजवळ माथ्यावरून जातो. त्यामुळे पूर्व-पश्चिम धुऱ्यावरील झाडांची सावली बरीचशी त्या ओळीतच राहते. दक्षिणोत्तर धुऱ्यावरील झाडांची सावली मात्र सकाळ-सायंकाळ दोन्ही बाजूंच्या बांध्यांवर पडते. खालच्या फांद्या वेळेवर छाटल्यास पिकाची हानी कमी होते आणि सरपणही मिळते. शेजारच्या छत्तीसगडमधील शेतकरी धानाच्या बांधांवर बाभूळ राखतात आणि छाटणीने तिची सावली आटोक्यात ठेवतात. बाभळीपासून अवजारांसाठी लाकूड, तर शेळ्यांसाठी शेंगा मिळतात. झाडाजवळचे धान काहीसे घटते, हे सल्लागाराने लपवू नये. लाभाबरोबर तोटा सांगणाऱ्यावरच शेतकरी विश्वास ठेवतो.

दुसरा विषय उत्पन्नाच्या कालावधीचा. सागास अनेक वर्षे लागतात. बांबूची तोड चार-पाच वर्षांत सुरू होऊ शकते. पळसावर लाख घेता येते, तर ऐन व अर्जुनाच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. अल्पभूधारकास लवकर उत्पन्न देणारे व दीर्घ मुदतीचे, असे दोन्ही प्रकार सुचविणे हितावह ठरते.

तिसरा विषय कायद्याचा. साग, मोह, आंबा, ऐन इत्यादी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत असल्याने ती तोडण्यास परवानगी लागते. अनुसूचित जमातीच्या खातेदारांच्या मालकीच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र अधिनियम आहे. वनक्षेत्राबाहेरील बांबू मात्र २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. ही माहिती लागवडीपूर्वीच द्यावी. लावलेल्या झाडांची सातबारा उताऱ्यावर नोंद करून घेण्याचा सल्लाही तेव्हाच द्यावा. कायद्याच्या अज्ञानातून उपजलेली भीती कित्येक रोपे उगवतीलाच उपटावयास लावते.

आधी ऐकणे, मग सांगणे

प्रशिक्षणार्थीने शेतकऱ्याबरोबर सर्व धुरे फिरावेत, पाणी कोठे साचते ते पाहावे आणि कोणते झाड का राखले व कोणते का तोडले, हे विचारावे. शेतातील सरपण, चारा, मोहफुले यांच्याशी महिलांचा निकटचा संबंध असल्याने त्यांचे मत स्वतंत्रपणे घ्यावे. लागवडीनंतर पहिली दोन वर्षे भेटी चालू ठेवणे हाही कामाचाच भाग मानावा. लावलेली नव्हे, तर जगलेली झाडे हेच सल्लागाराच्या कामाचे माप होय.

या कामी ग्रामपंचायतीचे साहाय्य मोलाचे ठरेल. एकट्या शेतकऱ्याच्या कुंपणाने मोकाट गुरे थांबत नाहीत. चराईबंदीचा निर्णय ग्रामसभेनेच घ्यावा लागतो. शिक्षकांना शाळेच्या आवारात स्थानिक वृक्षांची छोटी रोपवाटिका उभारता येईल. गावाने असा हात दिला, तर सल्लागाराचा शब्द धुऱ्यावर मूळ धरील, यात शंका नाही.