बॉयलर घडवणारे डॉक्टर

दसऱ्याच्या सुमारास बारामती आणि इंदापूर तालुक्यांत साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा होते, नारळ फुटतो, भट्टी पेटते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या गावांना हा सोहळा नवा नाही. वालचंदनगरला तर साखर कारखान्यांची यंत्रेच तयार होतात. या बॉयलरच्या इतिहासात एका डॉक्टरांचेही नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

अर्न्स्ट आल्बान यांचा जन्म १७९१ मध्ये जर्मनीतील नॉयब्रांडेनबुर्गचा. रोस्टॉक शहरात ते वैद्यकी करीत, डोळ्यांच्या शस्त्रक्रियाही करीत. पुढे वाफेच्या इंजिनाने त्यांना इतके ओढून घेतले की वैद्यकी सोडून त्यांनी यंत्रांचा कारखाना काढला.

त्या काळचे बॉयलर म्हणजे पाण्याने भरलेले मोठे पिंप. ते फुटले की आतल्या तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होई. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा व्यापते; त्यामुळे आसपासची माणसे वाचत नसत. बॉयलर कधी फुटणारच नाही, असे गृहीत धरायला आल्बान तयार नव्हते. फुटला तरी माणूस दगावू नये, अशी त्याची रचना हवी, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी पाणी अरुंद नळ्यांत विभागले आणि आग नळ्यांच्या बाहेर ठेवली. एखादी नळी फुटली तरी थोडेच पाणी बाहेर पडते. शिवाय अरुंद नळी जास्त दाब सोसते. १८४३ मध्ये त्यांनी उच्च दाबाच्या वाफेच्या इंजिनावर ग्रंथ लिहिला. १८५६ मध्ये ते वारले. आजच्या साखर कारखान्यांतही पाणी नळ्यांत आणि आग बाहेर, हेच तत्त्व चालते.

तरीही वाफेशी सलगी नको. एक ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर पडून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ नुसती पाणी होतानाच ५४० कॅलरी देते. म्हणून वाफेचे भाजणे खोलवर जाते.

असे कोणी भाजल्यास अंगठी, कडे लगेच काढावे. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा आणि स्वच्छ कापडाने झाकावा. बर्फ, हळद, टूथपेस्ट लावू नये. चेहरा भाजला असेल किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर श्वासनलिका सुजण्याचा धोका असतो. अशा वेळी थांबून पाहू नये. १०८ ला फोन करून रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.