'पंचवीस' ऐकून मूल ५२ का लिहिते?

मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात जवळजवळ रोज चालणारा हा उपक्रम. बाई एकेक संख्या सांगतात आणि मुले ती पाटीवर किंवा वहीत लिहितात. सतरा, चोवीस, छत्तीस, एकोणचाळीस... दहा संख्या झाल्या की वह्या गोळा होतात. कुणी चोवीसच्या जागी ४२ लिहिलेले असते, कुणी छत्तीसच्या जागी ६३, तर कुणी एकोणचाळीसचे ४९ केलेले असतात. त्यावर लाल फुली पडते आणि 'लक्ष नाही', 'घाई करतो' असा शेरा मिळतो. घरी वही पाहून आईवडील धास्तावतात. मुलाला गणित जमत नाही असे त्यांना वाटते. 'अंक उलटे लिहितो म्हणजे डिस्लेक्सिया तर नसेल?' अशी शंकाही अलीकडे लवकर येते.

ही शंका क्वचित खरी ठरते. बहुतेक वेळा मात्र मुलाने जे ऐकले, तेच आणि ऐकले त्याच क्रमाने लिहिलेले असते. अडचण मराठी संख्यानामांच्या रचनेत असते. ती मोठ्यांना जाणवत नाही, कारण ही नावे आपल्याला इतकी पाठ झालेली असतात की त्यांच्या पोटात काय दडले आहे, इकडे आपले लक्षच जात नाही.

आधी ऐकायचे एकक, आधी लिहायचे दशक

'पंचवीस' हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. आधी 'पंच' ऐकू येते, मग 'वीस'. लिहिताना मात्र आधी दोन दशकांचा २ लिहायचा आणि त्यानंतर ५. म्हणजे मुलाने 'पंच' ऐकल्यावर हात आवरायचा, पाच लक्षात धरून ठेवायचे, 'वीस' ऐकायचे, त्याचा २ लिहायचा आणि मग थांबवून ठेवलेला ५ त्याच्या उजवीकडे मांडायचा. एवढे सगळे दोन-तीन सेकंदांत.

हातातले काम होईपर्यंत माहिती तात्पुरती धरून ठेवण्याच्या मेंदूच्या या क्षमतेला मानसशास्त्रात 'वर्किंग मेमरी' म्हणतात. सहा-सात वर्षांच्या मुलात ती मोठ्यांपेक्षा बरीच कमी असते. त्यातच या वयात अंकाचे वळण काढण्याकडेही लक्ष द्यावे लागते. त्यामुळे मधल्या मध्ये पाच निसटतो किंवा आधी ऐकलेला अंक आधी लिहिला जातो.

काही मुले यावर स्वतःच युक्ती काढतात. 'पंच' ऐकताच ती डावीकडे जागा सोडून ५ लिहून टाकतात आणि 'वीस' ऐकले की त्या जागेत २ भरतात. वहीत उत्तर बरोबर दिसते. ही युक्ती तीन अंकी संख्येपर्यंत चालते, तिथे मात्र फसते. 'एकशे पंचवीस' ऐकताना आधी शतक येते, मग एकक, मग दशक. लिहायचे मात्र शतक, दशक, एकक. दुसरीपर्यंत हुशार वाटलेले मूल पुढे अचानक चुकू लागते, त्यामागे कधी कधी हेच असते. नुसती पुरी झालेली वही पाहून हे कळत नाही. त्यासाठी लिहिताना मुलाचा हात पाहावा लागतो.

शंभरापर्यंत नावेच नावे

क्रमाची अडचण कमी म्हणून की काय, नावांची रूपेही सतत बदलतात. 'दोन'चीच उदाहरणे घ्या. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यांत 'दोन' हा शब्द कुठेच नाही. बा, ब, बे, ब्या अशी त्याची रूपे आहेत. दशकही रूप बदलते. साठचे 'सष्ट' होते, सत्तरचे 'हत्तर' आणि पन्नासचे कधी 'वन्न' तर कधी 'पन्न'. संस्कृतातील एकादश, द्वादश यांसारखी नावे प्राकृतातून येताना घासत घासत अकरा, बारा झाली. आज त्यांत 'एक आणि दहा', 'दोन आणि दहा' ऐकू येत नाही.

'एकोण'ची गंमत वेगळीच. एकोण म्हणजे एक उणा. एकोणचाळीस या शब्दात ना तीन ऐकू येतो ना नऊ. ऐकू येतात एक आणि चाळीस, आणि संख्या असते ३९. एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत आलेले मूल ९९ पाशी 'एकोणशंभर' म्हणते आणि आपण हसतो. खरे तर त्याने नियम बरोबर ओळखलेला असतो. तिथे भाषाच नियम सोडून 'नव्व्याण्णव' म्हणते.

यात लेखनाचा भाग वेगळाच. ज्या वयात जोडाक्षरे नुकती वाचता येऊ लागतात, त्याच वयात त्र्याहत्तर, ब्याऐंशी, सत्त्याण्णव ही नावे अक्षरांत लिहायची असतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या आणि दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, अशी अपेक्षा आहे. ती गाठताना मराठी मूल किती ओझे उचलते, हे त्यामुळे ध्यानात घ्यायला हवे.

इतर भाषांतली मुले

आधी एकक सांगण्याची रीत एकट्या मराठीची नाही. हिंदी, गुजराती, बंगाली यांतही ती आहे. आपल्या जुन्या गणितग्रंथांत संख्या शब्दांनी सांगण्याची जी भूतसंख्या पद्धत होती, तिच्यातही अंक एककापासून सुरू करून डावीकडे जायचे. जर्मनमध्ये २१ ला 'एक आणि वीस' अशा अर्थाचा शब्द आहे. डच आणि अरबीतही एकक आधी येतो. याउलट कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या भाषांत दशक आधी येते. चिनी भाषेत तर २१ म्हणजे सरळ 'दोन दहा एक'.

या फरकाचा शिकण्यावर परिणाम होतो का, याचा अभ्यास झालेला आहे. केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये चिनी आणि अमेरिकी बालकांच्या मोजणीची तुलना प्रसिद्ध केली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुले जवळपास सारखी होती. अकरा ते वीसच्या टप्प्यात, म्हणजे जिथे इंग्रजी नावे अनियमित होतात तिथे, अमेरिकी मुले मागे पडली. ऑस्ट्रियातील जर्मनभाषक पहिलीच्या मुलांवरचा अभ्यास २००९ मध्ये आला. सांगितलेल्या संख्या लिहिताना त्यांच्या सुमारे निम्म्या चुका अंकांच्या अदलाबदलीशी संबंधित होत्या आणि त्यांचा संबंध वर्किंग मेमरीशी दिसला.

चेक भाषेतला दाखला आणखी बोलका आहे. तिथे २५ साठी 'वीस पाच' आणि 'पाच-वीस' अशा दोन्ही रीती बोलण्यात आहेत. त्याच मुलांना दोन्ही रीतींनी संख्या सांगितल्या, तेव्हा अदलाबदलीच्या चुका प्रामुख्याने एकक-आधीच्या रीतीत झाल्या. मुले तीच, शाळा तीच, बदलली ती फक्त सांगण्याची रीत.

'वीस एक'चा वाद

हा प्रश्न महाराष्ट्रात २०१९ मध्ये एकदम घराघरांत पोहोचला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक', बहात्तरसाठी 'सत्तर दोन' असे वाचन दिले होते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना अडचण होते, हे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, हेही तेव्हा स्पष्ट करण्यात आले. तरी भाषा मोडीत निघते म्हणून टीका झाली, समाजमाध्यमांवर विनोद फिरले आणि थेट विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या.

नॉर्वेने असा बदल देशपातळीवर केला. १९५१ मध्ये तिथे 'एक आणि वीस'ऐवजी 'वीस एक' ही रीत अधिकृत झाली. त्यामागे टेलिफोन खात्याचा आग्रह होता, कारण क्रमांक सांगताना-ऐकताना घोटाळे व्हायचे. पण इतक्या दशकांनंतरही जुनी रीत तिथल्या बोलण्यातून पुरती गेलेली नाही. सरकारी निर्णयाने आजीची भाषा बदलत नाही. आपल्याकडेही बाजारात, एसटीत आणि घरात 'पंचवीस'च ऐकू येणार. मुलाला ते यायलाच हवे. प्रश्न एवढाच की, तिथपर्यंत पोहोचायला त्याला पायरी द्यायची की नाही. 'वीस आणि पाच' ही अशी पायरी आहे. भाषेला धक्का न लावता ती कोणत्याही वर्गात वापरता येते.

वर्गात आणि घरी काय करावे?

संख्या आधी हातात यावी. पंचवीस काड्या घेऊन दहा-दहाचे दोन गठ्ठे बांधायचे आणि पाच सुट्या ठेवायच्या. मग तीच संख्या तीन प्रकारे म्हणायची. 'दोन दशक पाच सुटे', 'वीस आणि पाच', 'पंचवीस'. मण्यांच्या माळा, चिंचोके किंवा दहाच्या खेळण्यातल्या नोटा आणि एकाची नाणी हेच काम करतात.

कार्डांचाही छान उपयोग होतो. २० चे मोठे कार्ड आणि ५ चे छोटे कार्ड करा. विसाच्या शून्यावर पाचचे कार्ड ठेवले की २५ दिसतात. उचलले की खाली वीस असतात. शून्य कुठे गेले आणि २ म्हणजे वीस कसे, हे मुलाला एका नजरेत कळते. मॉन्टेसरी शाळांत अशी कार्डे फार पूर्वीपासून वापरली जातात.

संख्या सांगताना 'ऐका, म्हणा, मग लिहा' हा क्रम ठेवावा. पूर्ण शब्द ऐकून मुलाने तो स्वतः उच्चारला की तो डोक्यात टिकतो आणि हात घाई करत नाही. 'एकोण'साठी माळेवर चाळिसाव्या मण्यावर बोट ठेवून एक मणी मागे यायला सांगावे.

मुलाने ५२ लिहिले तर फुली मारण्याऐवजी 'यात गठ्ठे किती?' असे विचारावे. 'पाच' असे म्हणताच बहुतेक मुलांना आपली चूक दिसते. तीच संख्या दहा वेळा लिहायला लावल्याने हात दुखतो, पण क्रमाचा उलगडा होत नाही. बोटे मोजण्यालाही या वयात मनाई करू नये.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी एक सूचना. 'सेव्हन्टी फाइव्ह' आणि 'पंच्याहत्तर' यांचे क्रम परस्परविरुद्ध आहेत. आजीने सांगितलेला फोन नंबर नातू चुकीचा लिहितो, तो त्यामुळेच. 'मराठी येत नाही' म्हणून त्याला हिणवण्यापेक्षा हा फरक त्याला उघड करून सांगावा.

तपासणी कधी करावी?

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. ३ हा अंकच आरशातल्यासारखा ६ कडे वळवून काढणे ही एक गोष्ट, आणि २५ चे ५२ करणे ही दुसरी. देवनागरीतले ३ आणि ६ एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे दिसतात. वस्तू डावीकडून पाहिली काय की उजवीकडून, मेंदू तिला एकच मानतो. अक्षरे-अंकांपुरती ही सवय त्याला मोडावी लागते. त्यामुळे सहा-सात वर्षांपर्यंत असे उलटे अंक सर्रास दिसतात आणि पुढे कमी होतात.

चुका खूप असतील तर पहिल्यांदा कान आणि डोळे तपासावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू थोडे कमी येते. बासष्ट आणि पासष्ट यांतला फरक मग मागच्या बाकावर पोहोचत नाही.

सात मोठे की नऊ हे मोजल्याशिवाय सांगता न येणे, पाच वस्तू नुसत्या हलवून ठेवल्या तरी पुन्हा मोजाव्या लागणे, गठ्ठे हाताळूनही दशकाची कल्पना न बसणे, अशा खुणा तिसरीतही टिकून असतील तर डिस्कॅल्क्युलिया या अध्ययन अक्षमतेचा विचार करावा. शंभरात साधारण तीन ते सात मुलांत ती आढळते. बालविकासतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ चाचण्यांवरून तिचे निदान करतात आणि ते सहसा आठव्या वर्षानंतर केले जाते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्यामुळे निदान झालेल्या मुलाला शाळेत आणि परीक्षेत मदत मिळू शकते.

शिक्षकांनी पुढच्या वेळी संख्या लिहून घेतल्यावर चुकांचे दोन रकाने करून पाहावेत. एकात अदलाबदलीच्या चुका, दुसऱ्यात बाकीच्या. पहिल्या रकान्यातल्या मुलांना दशक-एकक समजले आहे का, हे गठ्ठ्यांवर पडताळावे आणि क्रमाचा सराव द्यावा. दुसऱ्या रकान्यातल्या मुलांकडे अधिक बारकाईने पाहावे. कुणाला वेळ द्यायचा आणि कुणाला तज्ज्ञांकडे पाठवायचे, याचा पहिला अंदाज त्यातून येतो.