विमानांच्या वाटा : लेखांक 9
सोलापूर ते कलबुर्गी, 114 किलोमीटर

धावपट्टीवर रंगवलेल्या आकड्यांबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढे ढकलतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय, आणि ते मागे ठेववत नाही. त्यांचं गिऱ्हाईक कलबुर्गीत आहे. ते विचारतात : होटगी रोडचं विमानतळ आम्हाला जवळच, तिकडे कलबुर्गीलाही 2019 पासून विमानतळ झालंय. मग दोघांत अंतर किती आणि मधे विमान का नाही?

अंतर घरबसल्या काढता येतं. सोलापूर विमानतळ 17.63 अक्षांश आणि 75.94 रेखांशावर आहे, कलबुर्गीचं 17.31 आणि 76.96 वर. आपल्या पट्ट्यात एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास 111 किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे 106. त्यामुळे दक्षिणेकडे 35 किलोमीटर आणि पूर्वेकडे 108 भरतात. शाळेतला पायथागोरस लावला की कर्ण येतो सुमारे 114. पृथ्वीच्या गोलाईने एवढ्या छोट्या पल्ल्यात काहीच बिघडत नाही.

आता गंमत बघा. सोलापूर ते कलबुर्गी रेल्वेनं 113 किलोमीटर! होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड करत जाणारा हा मार्ग मुळातच बराच सरळ आहे. शिवाय कलबुर्गीचं विमानतळ शहराच्या पलीकडे, श्रीनिवास सरडगीला आहे. म्हणजे विमानानं गेलात तर शहर ओलांडून पुढे उतरायचं आणि गाडी करून मागे यायचं.

खरी अडचण मात्र चढ-उताराची आहे. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. दर हजार फुटांना तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर लागतात. एटीआरसारखं छोटं विमान जमिनीपासून दहा हजार फुटांवर गेलं, तर उतरायला 55 किलोमीटर आधीच सुरुवात करायला हवी. 114 मधले निम्मे तिथेच गेले. उरलेल्यातले बरेचसे चढण्यात. दुधनीच्या आसपास चढण संपते न संपते तोच वैमानिक उतरणीची तयारी करणार. सर्वांत जास्त इंधन चढताना जळतं, आणि ते वसूल करायला सरळ पल्लाच उरत नाही. ‘उडान’ योजनेनं 2016 मध्ये 200 ते 800 किलोमीटरची मर्यादा घातली ती उगाच नाही. खालची अट डोंगराळ, दुर्गम भागांना आणि बेटांना माफ होती.

बेटांचं गणितच निराळं. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही विमानसेवा अवघ्या पावणेतीन किलोमीटरची आहे, कारण मधे समुद्र आहे. आपल्याकडे जून 2025 मध्ये सुरू झालेली सोलापूर–गोवा सेवा मला म्हणूनच पटते : सरळ रेषेत 300 किलोमीटर आणि रस्त्यानं गेलं तर वाटेत सह्याद्रीचा घाट.

तेव्हा कारखानदार महाशय, कलबुर्गीला रेल्वेनंच जा. विमानाची मागणी करायचीच तर लांबच्या शहरांसाठी करा. तिथे तुमचा दिवस वाचेल.

लातूर विमानतळ 18.41 अक्षांश, 76.46 रेखांशावर आहे. सोलापूरहून त्याचं अंतर काढून पाठवा. 103 च्या आसपास आलं की बरोबर. धावपट्टीचे आकडे पुढच्या आठवड्यात.