हीटर प्लग पुन्हा पुन्हा का जळतो?

डिसेंबरातल्या सकाळी जुनी डिझेल इंडिका बराच वेळ सेल्फ मारल्यावर कशीबशी चालू होते, थरथरते आणि मागून पांढरा धूर सोडते. गॅरेजमध्ये पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजेच ग्लो प्लगवर जातो. तो बदलला की गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. काही महिन्यांनी पुन्हा तीच रड. अशा वेळी आणखी एक प्लग विकत आणण्याआधी जळालेला प्लग हातात घेऊन पाहावा. मूळ दुखणं कुठे आहे, हे बहुतेक वेळा त्याच्यावरच दिसतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. 1936 मधल्या मर्सिडीझ-बेंझ 260 डीपासून 1998 मध्ये आलेल्या, पिंपरीत बनलेल्या इंडिकाच्या 1405 सीसी इंजिनापर्यंत अनेक मोटारींत डिझेल आधी एका लहान कक्षात फवारलं जाई. इंजिन गार असताना या कक्षाच्या भिंती हवेतली उष्णता ओढून घेतात. ती उणीव हीटर प्लग भरून काढतो. धातूच्या बारीक नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते आणि त्यात तारेचं वेटोळं असतं. टोक काही सेकंदांत 800 अंश सेल्सिअसच्या वर जातं.

1970 च्या दशकातल्या काही मर्सिडीझ गाड्यांत सगळे प्लग एकाच साखळीत जोडलेले असत. एक गेला की सगळे थंड. नंतर प्रत्येक प्लगला स्वतंत्र वीज मिळू लागली. त्यामुळे एखादा प्लग उन्हाळ्यातच मेला, तरी मालकाला ते थंडीत कळतं.

कोणता प्लग गेला, हा पहिला प्रश्न.

दर वेळी त्याच सिलिंडरचा प्लग जात असेल आणि टोक वितळलेलं किंवा झिजलेलं असेल, तर त्या सिलिंडरचा नोझल तपासावा. डिझेल धुक्यासारखं न फवारता थेंबाथेंबाने गळत असेल, तर ज्वाळा टोकावरच आदळते. सगळी टोकं तशी दिसली तर डिझेल पंपाचं टायमिंग पुढे गेलंय का, ते पाहावं. नळ्या फुगून चिरल्या असतील, तर वीज जास्त मिळतेय किंवा जास्त वेळ मिळतेय: प्लगांची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटलाय, अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय, किंवा कुणी 24 व्होल्टची बॅटरी लावून गाडी चालू केली आहे. प्रमाणाबाहेर आवळल्यानेही प्लगाचं अंग आवळलं जातं आणि आतलं वेटोळं बिघडतं.

तपासणीला साधा मल्टीमीटर पुरतो. वायर सुटी केल्यावर चांगल्या प्लगाचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास येतो. तार तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. मग वायर परत जोडून, इंजिन चालू असताना प्लगाला वायर जोडतात तिथलं व्होल्टेज मोजावं. ठरलेला वेळ उलटून गेल्यावरही तिथे 12-14 व्होल्ट येत असतील, तर आधी रिले बदलावा. नाहीतर नवे चारही प्लग त्याच वाटेने जातील.

नवे प्लग घेताना व्होल्टेज जुळवावं, कारण सुमारे 5 व्होल्टचे प्लग थेट बॅटरीवर टिकत नाहीत. जुने प्लग इंजिन गरम असतानाच काढावेत, म्हणजे ते हेडमध्ये तुटण्याचा धोका कमी होतो. आणि काढलेल्या प्रत्येक प्लगावर सिलिंडरचा क्रमांक लिहून ठेवावा.