काळोख्या गुहेत संध्याकाळ कशी कळते?

आजचा विषय घड्याळाचा आहे, पण मनगटावरच्या नव्हे.

तमिळनाडूत मदुराईच्या आसपास खडकाळ टेकड्या आहेत आणि त्यांच्या पोटात गुहा. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. तापमानही फारसं बदलत नाही. तिथं हिपोसायडेरॉस स्पीओरिस नावाची छोटी, किडे खाणारी वटवाघळं राहतात. दिवसभर लटकलेली असतात आणि तिन्हीसांजा झाल्या की बाहेर पडतात. त्यांना कळतं कसं?

तुम्ही म्हणाल, गुहेच्या तोंडाशी येऊन बघत असतील. बरोबर, तसं ती करतातच. उजेड दिसला की परत आत. आमच्या फौजी भाषेत ही टेहळणी. पण ही टेहळणी दिवसभर चालत नाही, संध्याकाळ जवळ आली की सुरू होते. म्हणजे निघायची वेळ झाली, हे आधी आतूनच कुणीतरी सांगतं.

हे 'आतून' खरं का, यावर शास्त्रज्ञांत बरेच वाद झाले. काहींना वाटे, पृथ्वीच्या फिरण्याची एखादी सूक्ष्म खूण प्राण्यांना बाहेरून मिळत असावी. १९५५ साली माक्स रेनर या जर्मन शास्त्रज्ञानं सरळ मधमाश्यांनाच विमानात बसवलं! पॅरिसमध्ये बंद खोलीत त्यांना रोज ठराविक वेळी साखरपाणी मिळायचं. रातोरात त्यांना न्यूयॉर्कला तशाच खोलीत नेलं. तिथं त्या आल्या पॅरिसच्या वेळेनुसार, शेवटच्या खाण्यानंतर साधारण चोवीस तासांनी. खूण बाहेरची असती, तर न्यूयॉर्कच्या वेळेनं आल्या असत्या.

आता पुन्हा मदुराईला. मदुराई कामराज विद्यापीठातले प्रा. एम. के. चंद्रशेखरन हे भारतातल्या या शास्त्राचे अध्वर्यू. त्यांनी आणि जी. मारिमुथु वगैरे सहकाऱ्यांनी एक वटवाघूळ पिंजऱ्यात घालून गुहेत खोलवर ठेवलं. त्याला बाहेर जाता येत नव्हतं, उजेड दिसत नव्हता. तरीही बाकीची वसाहत उडायला लागे त्याच सुमारास त्याची पिंजऱ्यात फडफड सुरू व्हायची. मग तसंच वटवाघूळ त्यांनी एकही वटवाघूळ नसलेल्या गुहेत ठेवलं. लय तिथंही चालूच राहिली, पण तिची वेळ रोज थोडी थोडी सरकू लागली. आठवडे गेले तशी त्याची 'संध्याकाळ' आणि बाहेरची संध्याकाळ यांची फारकत झाली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शरीरातलं घड्याळ बरोब्बर चोवीस तासांचं नसतं. ते रोज जुळवून घ्यावं लागतं. बहुतेक प्राणी ते उजेडावर जुळवतात, पिंजऱ्यातल्या वटवाघळानं ते शेजाऱ्यांच्या जाण्या-येण्यावर जुळवलं. आणि शेजारी आपल्याच जातीचे लागतात! टॅफोझोअस या दुसऱ्या जातीचं वटवाघूळ त्याच वसाहतीत ठेवलं, तेव्हा त्यानं या मंडळींच्या लगबगीकडे लक्षच दिलं नाही. मला या संशोधनातला हा भाग सर्वांत आवडतो. मोठी यंत्रसामग्री नाही. एक पिंजरा, दोन गुहा आणि नेमका प्रश्न.

माणसातही हेच घड्याळ आहे. ज्यानं रात्रीचा पहारा केलाय त्याला विचारा, पहाटे तीन-चारची वेळ सर्वांत जड जाते. त्याला शिस्तीचा अभाव म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. त्या सुमारास शरीराचं तापमानच सर्वांत खाली असतं. पहाऱ्याच्या पाळ्या लावणाऱ्यानं, मग तो फौजेतला असो की कारखान्यातला, हे ध्यानात ठेवलंच पाहिजे.

हे घड्याळ जनुकांत असतं, हे १९७१ साली कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाशीत दाखवलं. एका जनुकात बदल झाला की माशीचा 'दिवस' १९ तासांचा व्हायचा, त्याच जनुकातल्या दुसऱ्या बदलानं २८ तासांचा. पुढे त्याच जनुकावरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं.

मग प्रश्न येतो: उपयोगच नसेल, तर घड्याळ नाहीसं होईल का? बंगळुरूत फळमाश्यांच्या ६०० पिढ्या अखंड उजेडात, एकाच तापमानात वाढवल्या. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर हा हिशोब पंधरा हजार वर्षांचा होतो. त्यांच्या पूर्वजांनी रात्र पाहिलेली नव्हती. त्यांना अंधारात ठेवून पाहिलं, तर कोशातून माश्या बाहेर पडण्याची लय होती तशीच: साधारण चोवीस तासांची.