रेडकांच्या पोटातील जंत

म्हैस व्याली, रेडकू धडधाकट निपजले, काही दिवस गोठ्यात बागडलेही. आणि तीन आठवड्यांच्या सुमारास ते मलूल होऊ लागले, हा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना आहे. केस राठ होतात, पोट सुटते, मातकट-पांढुरकी, दुर्गंधीयुक्त हगवण लागते व रेडकू माती चाटू लागते. त्यातच ते दगावले की मागे म्हैस पान्हा चोरते आणि त्या वेताच्या दुधाचा हिशेबच कोलमडतो.

“आईचे दूध बाधले,” असे वडीलधारी माणसे म्हणतात. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. टॉक्सोकारा विट्युलोरम नावाच्या गोल जंताची अंडी चिखलातून वा घाण लागलेल्या वैरणीतून म्हशीच्या पोटात जातात. त्यांतून निघालेल्या अळ्या तिच्या यकृतात, फुप्फुसांत व स्नायूंत निपचित पडून राहतात. म्हशीला त्यांचा उपद्रव जाणवत नाही. तिच्या शेणाच्या तपासणीतही बहुधा काही आढळत नाही. विण्याच्या सुमारास मात्र त्या कासेकडे सरकतात, दुधावाटे रेडकाच्या पोटात उतरतात आणि सुमारे तीन आठवड्यांत वीतभर लांबीचे जंत होतात.

परंतु यावरून चीक पाजणे बंद करणे ही मोठीच चूक होय. रोगाशी झुंजण्याची शक्ती रेडकाला चिकातूनच मिळते, व ती अंगी लागण्याची मुदत अवघ्या पहिल्या दिवसाची असते. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजावा. दिवसभरात वजनाच्या सुमारे एकदशांश इतका द्यावा. खरवस रुचकर खरा, पण चिकावर पहिला हक्क रेडकाचा आहे.

जंतांचा बंदोबस्त औषधाने करावा. रेडकू १० ते १६ दिवसांचे असताना पायपरेझीन किंवा पायरँटेल यांसारखे औषध पाजल्यास जंत कोवळे असतानाच, अंडी घालण्यापूर्वी, मरतात. मात्रा वजनावर अवलंबून असल्याने ती पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. हगवण दिसेपर्यंत थांबल्यास मोठ्या जंतांच्या गुंत्याने आतडे तुंबण्याची भीती असते. शिवाय तोपर्यंत शेणातून असंख्य अंडी गोठाभर पसरलेली असतात. जाड कवचामुळे ती दमट सावलीत महिनोन्‌महिने टिकतात. नर रेडकाला औषध कशाला, असा विचार काही ठिकाणी होतो; त्याच्या शेणातील अंडीही त्याच गोठ्यात पडतात, हे ध्यानात घ्यावे.

रेडकांचे शेण रोज उचलून खताच्या खड्ड्यात टाकावे. नीट कुजताना निघणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. ग्रामीण कार्यकर्त्यांनी गावात म्हैस व्याल्याची तारीख वहीत नोंदवावी आणि दहाव्या दिवशी त्या घरी जावे.