खोली रिकामी आहे, आडनाव सांगा!

पुण्याच्या सदाशिव पेठेत, पेरूगेटपासून शास्त्री रस्त्यापर्यंत जून महिन्यात फिरून पाहा. विजेच्या खांबांवर, अभ्यासिकांच्या जिन्यात, झेरॉक्सच्या दुकानांच्या काचेवर एकच मजकूर दिसेल : ‘मुलींसाठी खोली भाड्याने देणे आहे.’ खाली मोबाइल नंबर. काही ठिकाणी ‘कॉट बेसिस’, काही ठिकाणी ‘फक्त शाकाहारी’. परभणी, नांदेड, बुलडाणा, वाशीम, सोलापूर येथून हजारो मुले-मुली दरवर्षी या पेठांत येतात. कुणी कॉलेजसाठी, कुणी एमपीएससीसाठी. शेतमजूर बाप कर्ज काढून डिपॉझिट भरतो. पोरगी अधिकारी होऊन गावात परत येईल, एवढेच त्याचे स्वप्न.

गेल्या जूनमध्ये मीही माझ्या भाचीला घेऊन या पेठांत खोली शोधत होतो. तिला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. तेव्हा म्हटले, खोली पाहू. पेठेत राहिली तर कॉलेज जवळ, अभ्यासिका जवळ, मेस जवळ आणि रात्री दहा वाजता मुलगी एकटी चालत आली तरी रस्ता जागा असतो. पेठेत खोली हवी यामागे हौस नव्हती, हिशोब होता.

पहिले घर एका जुन्या वाड्यातले. आजी प्रेमळ. ‘ये गं बाळ, दमलीस का?’ म्हणून पाणी दिले. खोली दाखवली. खिडकी, लाकडी कपाट, स्वतंत्र नळ. भाडे ठरले, डिपॉझिट ठरले. मग आजींनी विचारले, ‘आडनाव काय म्हणालीस?’ भाचीने सांगितले. तिचे आडनाव असे आहे की, ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. आजी क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, ‘तसं मुलाला विचारून सांगते हं. त्याचं इकडे यायचं चाललंय.’

दुसऱ्या घरी आडनावानंतर गाव विचारले, गावानंतर ‘नॉनव्हेज खाता का?’ विचारले. आम्ही म्हणालो, खोलीत शिजवणार नाही, मेस लावणार आहे. तरी ‘बाहेर खाऊन आलात तरी आमच्याकडे चालत नाही’ असे उत्तर आले. तिसरीकडे तर एजंटनेच आम्हाला जिन्यात थांबवले. तो भला माणूस होता. हळूच म्हणाला, ‘साहेब, एक सुचवू? आडनाव सांगूच नका. मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव, एवढंच सांगा. इथे सगळे तसंच करतात.’

भाचीने त्याच्याकडे पाहिले आणि मला म्हणाली, ‘मामा, प्रवेशाच्या अर्जावर जे नाव लिहिलं तेच इथे सांगणार. खोली नाही मिळाली तर नाही.’

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला कारण होते.

१९९४ साली मी पुण्यात नोकरीला लागलो, तेव्हा नारायण पेठेत एका खोलीत दीड वर्ष राहिलो. माझे आडनाव मराठ्यांतही आहे. मालकांनी विचारले, ‘म्हणजे तुम्ही मराठे ना?’ मी मान हलवली. तोंडाने खोटे बोललो नाही, एवढेच काय ते माझे सत्य! बाबासाहेबांचा फोटो दीड वर्ष ट्रंकेत, कपड्यांच्या खाली होता. १४ एप्रिलला स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी गेलो, घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या आणि परत येताना पुलावर थांबून रुमालाने कपाळावरची निळ पुसली. मग पेठेत शिरलो. ही गोष्ट मी आजवर घरातही सांगितली नव्हती. त्या एजंटच्या तोंडून माझाच जुना सल्ला मला ऐकू आला.

बाबासाहेबांनाही हेच भोगावे लागले. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला महाराजांच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर नव्हते. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, तीही मिळाली नाही. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या घरातल्या अडचणी सांगितल्या. शेवटी मुंबईची गाडी येईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहण्याची वेळ आली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. फरक लक्षात घ्या. बाबासाहेबांना नाव बदलावे लागले, पण त्यांनी ते लपवले नाही. जगासमोर मांडले आणि ज्या समाजाने ती वेळ आणली त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आम्ही मात्र नाव लपवतो आणि लपवल्याचेही लपवतो. त्यामुळे घरमालक निर्दोष राहतो आणि शरमेची मान आमची खाली जाते. हा उलटा न्याय आता थांबला पाहिजे.

पुण्याच्या पेठांचा इतिहास सांगणारे लोक शनिवारवाडा सांगतात, हौद सांगतात, वाड्यांचे चौक आणि कोरीव खांब सांगतात. पण याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नोंदवले आहे. याच पुण्यात १८४९ साली शाळा चालवल्याबद्दल जोतीराव-सावित्रीबाईंना राहते घर सोडावे लागले. याच पुण्यात, गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला. म्हणजे ‘कोणाला आत घ्यायचे’ हा या पेठांतला फार जुना झगडा आहे. आणि खरे तेही सांगितले पाहिजे. १८४८ साली मुलींच्या शाळेसाठी बुधवार पेठेत जागा देणारे तात्यासाहेब भिडे हे याच पेठांतले ब्राह्मण होते. दार उघडणारा माणूस त्या काळीही होता. मग आज, पावणेदोनशे वर्षांनंतर, दार लावून घेणाऱ्यांना कोणती सबब उरते?

सबब सांगितली जाते ती मालकीची. ‘घर आमचे, कोणाला द्यायचे ते आम्ही ठरवू.’ यामागे पैशाचेही गणित आहे, ते समजून घेऊ. १९४७च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. वाड्यातले जुने भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या किरकोळ भाड्यात राहिले, मालकांनी डागडुजी सोडली आणि वाडे मोडकळीला आले. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की, जागा परत मिळवण्याचा सोपा मार्ग मालकाला मिळाला. तेव्हापासून अकरा महिन्यांच्या कराराचे पीक आले. म्हणजे आता भाडेकरू कायमचा चिकटेल ही भीतीही उरलेली नाही. अकरा महिन्यांसाठी एक मुलगी चार पुस्तके आणि एक गादी घेऊन येणार. तिने मालकाचे काय बिघडवायचे आहे? भीती घर जाण्याची नाही, बाटण्याची आहे. ‘शाकाहारी’ हा त्या जुन्या शब्दाचा नवा सभ्य पोशाख आहे.

हे आम्ही रागाने बोलतो असे कोणी म्हणेल. तर पुरावा पाहा. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. एकाच घरासाठी उच्चजातीय, दलित आणि मुस्लिम नावाने फोन केले गेले. उच्चजातीय नावाला एकही थेट नकार मिळाला नाही. दलित नावाला १८ टक्के आणि मुस्लिम नावाला ३१ टक्के वेळा नकार मिळाला. घर तेच, भाडे तेच, बदलले ते फक्त नाव.

आम्हीही तेच केले. दोन दिवसांनी एका मित्राच्या मुलीला त्या वाड्यातल्या आजींना फोन करायला लावला. तिचे आडनाव पेठेत चालणारे. आजी म्हणाल्या, ‘खोली रिकामी आहे. कधी येतेस बघायला?’ मुलाचे पुण्याला येणे दोन दिवसांत रद्द झाले होते!

मग कायदा काय सांगतो? राज्यघटनेच्या कलम १५(२)मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आहेत. भाड्याचे घर हे शब्द नाहीत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. त्यामुळे अनेकांची समजूत झाली आहे की, या बाबतीत आमच्या हाती काहीच नाही. हे चूक आहे. कलम १७ने अस्पृश्यता संपवली आहे. १९५५चा अस्पृश्यता विरोधी कायदा १९७६च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या कलम ४मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा आहे. एक ते सहा महिने कैद आणि दंड. शिवाय कलम १२ असे की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते; तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीचे संरक्षण मिळाले. हे हत्यार आमच्या घरात पडून आहे. आम्ही ते भिंतीवरून उतरवलेलेच नाही.

शासनाचीही गंमत पाहा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले, त्यात निवासापोटी २० हजार. म्हणजे शासनाने भाड्याचा विचार केला. भाड्याने देणार कोण, याचा केला नाही. जातीमुळे वसतिगृह लागते आणि जातीमुळेच खोली मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये आमची मुलगी बॅग घेऊन उभी असते.

पण बोट फक्त समोरच्याकडे दाखवून हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये आज आपल्याही लोकांचे फ्लॅट आहेत. आरक्षणाने नोकरी मिळाली, कर्ज काढून घर झाले, आता दुसराही फ्लॅट झाला. तो भाड्याने देताना आपण काय करतो? ‘विद्यार्थी नको, फॅमिली पाहिजे.’ ‘आपल्यातला नको, भाडे मागता येत नाही.’ काही जण तर मुस्लिम नको, अमुक जातीचा नको म्हणतात. मग त्या आजींत आणि आपल्यात फरक काय राहिला? परळच्या चाळीत एका खोलीत कुटुंब, आणि तिथेच अभ्यास, असे दिवस काढलेल्या माणसाचे आपण वारस आहोत. वारसा सांगायचा तर एक खोली उघडता आली पाहिजे.

तेव्हा तीन गोष्टी करू या. पहिली, नाव लपवायचे नाही. दुसरी, नकार मिळाला तर तारीख, पत्ता, काय शब्द वापरले ते लिहून ठेवायचे, दुसऱ्या नावाने फोन करून खात्री करायची आणि आपल्या वकिलांकडे न्यायचे. दहा नोंदी झाल्या तरी एक प्रकरण उभे राहते. तिसरी, प्रत्येक विहारात एक वही ठेवायची : कोणाकडे खोली आहे, कोणाला हवी आहे. त्या वहीत जातीचा रकाना नको.

भाचीला शेवटी नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत सहा मुली, सहा कॉट, एक न्हाणीघर. चालकाने आडनाव विचारले नाही, डिपॉझिट मोजून घेतले. माणसे जिथे दाटीने कोंबायची असतात, तिथे जात विचारायला कोणाला वेळ नसतो. परवा मी तिला भेटायला गेलो. मुलींच्या खोलीत मामाला प्रवेश नाही, म्हणून ती खाली आली. मोबाइलवर फोटो दाखवला. कॉटच्या डोक्याशी बाबासाहेबांची तसबीर. म्हणाली, ‘मामा, पहिल्याच दिवशी लावली. लातूरच्या एका मुलीने विचारलं, मी पण माझी काढू का? तिचीही बॅगेतच होती.’

माझी ट्रंक मला आठवली. तिच्या पिढीने ती उघडली आहे. आता आपण निदान आपल्या घराचे दार तरी उघडू.

जय भीम!